आर्ट्समधून एमए सायकॉलॉजी आणि मेंदू-वर्तनावर रिसर्च, मराठवाड्यात राहून जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईच्या एक ताई एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, बारावी आर्ट्स, मराठी मीडियम. त्यांना कॉलेजात शिकवायचंय आणि सोबत बिहेवियरल न्यूरोसायन्समध्ये रिसर्च करायचाय, म्हणजे मेंदूत काय घडतं आणि वागण्यात काय दिसतं त्याची सांगड. घरचे म्हणतात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) काढ अन् कुठंतरी चिकट, मैत्रिणी म्हणतात काउन्सेलिंग कर, आणि डिपार्टमेंटचे सर म्हणाले आपल्याकडं लॅबच नाही, हा विषय सोडून दे. तर सायन्स नाही, लॅब नाही, मराठवाडा सोडायची फार इच्छा नाही, अशात जमतं का?

मी ह्याच लाइनीतला आहे. पीएचडी बाहेर केली, उंदरांच्या वर्तनावर, आणि बरीच वर्षं झाली इकडंच एका कॉलेजात सायकॉलॉजी शिकवतोय. त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेत. नोकरी, रिसर्च आणि गाव. प्राध्यापकी आणि संशोधन ही दोन वेगवेगळी कामं आहेत, पगार एकाच ठिकाणाहून येतो म्हणून ती एक वाटतात. आपल्याकडच्या कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरला यूजीसीच्या नियमानं आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, त्याच्यावर परीक्षेची ड्यूटी, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, ॲडमिशन कमिटी, युवक महोत्सव, आणि एनएसएसचा कॅम्प गळ्यात पडला तर तोही. रिसर्च ह्यातून उरलेल्या वेळात. आयआयएससी किंवा आयसरसारख्या संशोधन संस्थांत गणित उलटं, तिथं शिकवणं कमी आणि पेपर किती, ग्रँट किती हे आधी विचारतात. दोन्ही ठिकाणचा माणूस प्रोफेसरच, पण दिवस अगदी वेगळा. तुम्हाला ह्यातला कुठला दिवस हवाय ते आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आता लॅबचं. लॅब नाही म्हणजे नेमकं काय नाही? प्राण्यांवर काम करायचं असेल तर सरांचं शंभर टक्के बरोबर आहे. आर्ट्स कॉलेजात उंदीर ठेवता येत नाहीत. सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, तिच्याकडं ॲनिमल हाउसची नोंदणी लागते, संस्थेची ॲनिमल एथिक्स कमिटी लागते, प्रत्येक प्रयोगाला तिची मंजुरी लागते. आणि परवानगी मिळाली तरी रोजचं काम असतंय, दिवाळीतही उंदराला पाणी द्यायला कुणीतरी लागतं.

तरी त्या कामात काय असतं ते एकदा समजून घ्या, कारण ह्या विषयाची गंमत तिथंच कळते. एलिव्हेटेड प्लस मेझ नावाचं एक साधं यंत्र असतं, यंत्र कसलं, जमिनीपासून उंचावर ठेवलेली अधिक चिन्हाच्या आकाराची फळी. समोरासमोरच्या दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. उंदीर मध्यभागी सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं की तो उघड्या बाजूवर किती वेळ जातो. भेदरलेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसून राहतो. बस्स, एवढंच मोजायचं. बंगळूरच्या एनसीबीएस ह्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या लॅबनं २००२ साली उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस जखडून ठेवलं आणि मग मेंदू पाहिला. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या आणि भीतीशी संबंधित ॲमिग्डालामध्ये उलट वाढल्या होत्या. नंतरच्या कामात त्यांनी २१ दिवस विश्रांती देऊन बघितलं, तर ॲमिग्डालातली वाढ गेली नाही आणि त्या फळीवरची घाबरटपणाची वागणूकही गेली नाही. संकट टळलं तरी भीती का टळत नाही, ह्या प्रश्नाला हात घालायचा हा एक रस्ता. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, आमच्या पिढीला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. अर्थात उंदरावरून थेट माणसावर उडी मारायची नाही, ती चूक वर्तमानपत्रं रोज करतात.

आणि त्या पाच मिनिटांच्या मागं किती भानगडी असतात ते बाहेरून दिसत नाही. उंदीर निशाचर, त्यामुळं सकाळी दहाला टेस्ट घेतली का संध्याकाळी, ह्यानं फरक पडतो. आधी हाताळून त्याची सवय केली का, आधीच्या उंदराचा वास पुसला का, लाइट किती होता. २०१४ मध्ये तर एका कॅनेडियन गटानं दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांचा स्ट्रेस वाढतो, नुसत्या वासानं. आणि १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या शहरांतल्या लॅबनी एकाच जातीचे उंदीर, एकसारखी उपकरणं, एकसारखी पद्धत वापरली तरी काही चाचण्यांचे निकाल जुळले नाहीत. हे वाचून चिडचिड न होता मजा वाटली तर समजा तुम्ही ह्या लाइनीचे आहात.

एक गोष्ट सायकॉलॉजीवाल्यांना सहसा माहीत नसते. ही प्लस मेझ, रोटारॉड, ॲक्टोफोटोमीटर असली उपकरणं मराठवाड्यात आहेत, फार्मसी कॉलेजात. औषधांच्या चाचण्यांसाठी लागतात म्हणून तिथल्या फार्माकॉलॉजी विभागात असतात, आणि नोंदणी असलेलं ॲनिमल हाउसही काही ठिकाणी असतंय. तिथल्या माणसाला वर्तन मोजण्यात आणि स्टॅटिस्टिक्समध्ये मदत लागते, तुम्हाला प्राण्यांचं काम बघायचंय. जाऊन भेटायला काय हरकत आहे.

पण खरं सांगायचं तर मी तुम्हाला प्राण्यांकडं ढकलणार नाही. तुमच्या परिस्थितीत माणसांवरचं काम जास्त शहाणपणाचं. आणि त्यासाठी लॅब नाही म्हणता तर तुमच्या डिपार्टमेंटचं प्रॅक्टिकलचं कपाट उघडायला सांगा. त्यात मिरर ड्रॉइंगचा बोर्ड नक्की असेल, ताऱ्याची दुहेरी रेघ, समोर आरसा, हात झाकायला पट्टी. बीएला तुम्ही प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, बसवून चुका मोजल्या, जर्नलमध्ये आलेख काढला, सही घेतली, विसरलात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर ह्यांनी असलाच तारा हेन्री मोलेसन नावाच्या पेशंटला दिला होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला, त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. मिलनरनी त्याला तीन दिवस तारा काढायला लावला. दर दिवशी त्याला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय, आणि दर दिवशी त्याच्या चुका मात्र कमी होत गेल्या. स्मृती एकच नसते, हात शिकतो ती वेगळी आणि आठवून सांगतो ती वेगळी, हे ह्या कपाटातल्या बोर्डानं कळलं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा बोर्ड टेबलावर ठेवूनच सांगतो, शेवटच्या बाकावरची पोरंही पुढं येतात.

म्हणजे अडलंय कुठं? मला विचाराल तर बारकाईनं मोजायला शिकवणारा माणूस जवळ नाही, तिथं अडलंय. आपल्याकडं बहुतेक एमए, पीएचडी प्रश्नावलीवर होतात. शंभर ग्रामीण, शंभर शहरी, समायोजन नाहीतर भावनिक बुद्धिमत्ता, टी टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची पद्धत) लावली, फरक आढळला. ह्यात शिव्या देण्यासारखं काही नाही, गाइडला तेच शिकवलं गेलं होतं. पण त्यातून मेंदू-वर्तनाचा रिसर्चर तयार होत नाही.

आता आपल्याच भागातला एक प्रश्न घेतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. शेतीपंपाला लाइट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की माणूस बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, पहाटे येतो, झोप मोडलेली, आणि सकाळी परत गाडीवरून दूध घालायला. पुढच्या पाळीत तोच माणूस रात्री झोपलेला असतो. म्हणजे शिफ्ट ड्यूटीचा प्रयोग सरकारनंच लावून ठेवलाय, आपण फक्त मोजायचं. आणि आता सोलर पंप येताहेत, ते दिवसा चालतात, म्हणजे तुलनेला दुसरा गटसुद्धा आहे.

मोजायचं कशानं? पीव्हीटी नावाची चाचणी आहे, १९८५ पासून झोपेच्या संशोधनात वापरतात. स्क्रीनवर दोन ते दहा सेकंदांत कधीही आकडे पळायला लागतात, दिसलं की बटण दाबायचं, असं दहा मिनिटं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला की त्याला लॅप्स म्हणतात, म्हणजे डोळे उघडे पण लक्ष गेलेलं. झोप अपुरी असली की सरासरी वेळ थोडाच वाढतो, लॅप्स मात्र भराभर वाढतात, त्यामुळं नुसती सरासरी काढणाऱ्याला निम्मी गोष्ट दिसतच नाही. हे सायकोपाय नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर बनतं. पण मोबाइलवर घेऊ नका, स्पर्श ओळखायला प्रत्येक हँडसेट वेगळा वेळ घेतो आणि साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो म्हणजे १६-१७ मिलिसेकंदांच्या पायऱ्या तिथंच आल्या. एकच लॅपटॉप, एकच कीबोर्ड, सगळ्यांना तोच. तोच माणूस रात्रपाळीत आणि दिवसपाळीत, दोन्ही वेळा साधारण एकाच वेळेला बसवायचा, निम्म्यांना आधी रात्रपाळीत घ्यायचं आणि निम्म्यांना आधी दिवसपाळीत, नाहीतर सरावाचा फायदा पाळीच्या खात्यात जमा होतो. चहा-तंबाखू कधी घेतली ते लिहून ठेवायचं. आणि गावात टेस्ट हा शब्द वापरू नका, वेड बघायला आलेत अशी बोंब होते, लक्ष किती टिकतं ते बघतोय म्हणा.

एथिक्स कमिटीची परवानगी मात्र लागेल. तुमच्या कॉलेजात नसेल, पण अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या फिजिऑलॉजीत किंवा सायकिॲट्रीत कुणी सोबत यायला तयार झालं तर हा रस्ता मोकळा होतो. एकट्यानं करायचा हा विषयच नाही.

आता सायन्स नाही त्याचं. हे वाटतं तेवढं मोठं भगदाड नाही, पण बुजवावं लागतं. अकरावी-बारावीच्या बायोलॉजीतली पेशी, मज्जासंस्था, हार्मोन्स ही प्रकरणं आणि केमिस्ट्रीतलं आयन म्हणजे काय एवढं नीट करा. चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानानं सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतं हे आपली पोरं पाठ करतात, पण सोडियम बाहेर का आणि पोटॅशियम आत का हे विचारलं की गप्प. ते कळलं की पुढचं निम्मं न्यूरोसायन्स आपोआप उलगडतं. परत बीएस्सी करायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा स्टॅटिस्टिक्सवर वेळ घाला, जेएएसपी ह्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा, मग आर ही त्यासाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. सायन्सवाल्या पोरांनाही हे येत नसतं, आणि मुलाखतीत तुमच्याकडं बघायची नजर इथं बदलते. इंग्रजीचं म्हणाल तर नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही, आणि सगळं वाचन इंग्रजीत. बोलणं अडखळलं तरी चालतंय, वाचणं अडखळून चालत नाही. रोज एका पेपरची फक्त मेथड वाचा, दिवाळीपर्यंत फरक दिसेल.

मराठवाडा सोडायचा का? पीएचडीसाठी सोडा. हे माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना पटणार नाही त्यांनी खाली भांडावं. इकडं गाइड मिळेल, पण ह्या विषयात रोज शेजारी बसून चुका दाखवणारी चार माणसं मिळणार नाहीत. माणसांवरच्या कामासाठी हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटीचं न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं सेंटर, अलाहाबाद विद्यापीठाचं बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं सेंटर, आयआयटी गांधीनगर, कानपूर, दिल्ली इथलं कॉग्निटिव्ह सायन्सचं काम बघा, ह्या विषयात सायकॉलॉजीवाला परका नसतो. हैदराबाद तर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. प्राण्यांवरच करायचं मनात पक्कं असेल तर बंगळूरचं निम्हान्स, मानेसरचं एनबीआरसी, मुंबईचं टीआयएफआर ह्या संशोधन संस्था, टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य ह्यांची लॅब सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि स्ट्रेस ह्यांवर काम करते. इथं कुणाला एमए चालतं कुणाला नाही, त्या वर्षीची जाहिरात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि विद्यापीठाच्या नावाआधी गाइड बघा, त्याचे मागच्या चार वर्षांतले पेपर, त्याचे विद्यार्थी कुठं गेले. जमलं तर त्याच्या जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला, फोनवर माणसं खरं बोलतात.

पैशाचं परिस्थितीवर आहे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, त्याच्यावर घरभाडं. वयाची अट ३० आहे, पण महिलांना ५ वर्षांची सूट, हे घरी सांगा, कारण वय निघून चाललंय हा घरचा हुकमी मुद्दा असतो. नेटला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि वर्तनाचा जैविक पाया हे अख्खं युनिट त्यात आहेच, तुमच्या आवडीचं. गेट ह्या प्रवेश परीक्षेतही एक्सएच (ह्युमॅनिटीजच्या) पेपरात सायकॉलॉजी घेता येते, आयआयटीसाठी तो दरवाजा वेगळा. जेआरएफ नाही निघाली तर प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, जाहिरात कधी येईल आणि पैसे कधी येतील ह्याचा भरवसा कमी, पण आपल्याकडची कितीतरी पोरं ह्याच्यावरच शिकलीत. सेट, म्हणजे राज्याची नेटसारखी परीक्षा, काढून ठेवा, महाराष्ट्र-गोव्यात नोकरीला चालते, फेलोशिप मात्र मिळत नाही. लग्नाचं दडपण असेल तर त्यावर मी बाहेरून काय बोलणार, एवढंच सांगतो की दरमहा खात्यावर पैसे यायला लागले की घरचा सूर बदललेला मी बऱ्याच विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिलाय.

परत येऊन नोकरीचं काय, हा कडू भाग. २०२३ पासून यूजीसीनं असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट किमान धरलंय, पीएचडी ऐच्छिक. मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, कागदावर छान आहे. पण अनुदानित जागा वर्षानुवर्षं निघत नाहीत, निघाली की गावात पहिली चर्चा किती पैसे लागतील ह्याचीच. तोवर तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत काहीच नाही. माझे काही चांगले विद्यार्थी सीएचबीवर झिजताना बघतोय. म्हणून मी बाहेरून पीएचडी करा म्हणतो, म्हणजे फक्त इकडच्या जागेवर अवलंबून राहावं लागत नाही, खासगी विद्यापीठं, आयआयटींचे ह्युमॅनिटीज विभाग, पोस्टडॉक असे रस्ते उघडे राहतात. सीएचबी करत करत इकडंच पीएचडी उरकू हा बेत बहुतेक वेळा दोन्हीकडून अर्धवट राहतो.

काउन्सेलिंगचं मैत्रिणी म्हणतात ते वाईट नाही, पण ते वेगळं शिक्षण आहे, क्लिनिकलला आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद, हिची मान्यता असलेला कोर्स लागतो. रिसर्च नाही जमला तर काउन्सेलिंग, असा बदली खेळाडू म्हणून ते धरू नका.

शिकवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला स्वतःला इथं टिकवलं ते शिकवण्यानं. पहिल्या वर्षाच्या वर्गात पन्नास-साठ पोरं, निम्मी सकाळी शेतातून आलेली, आणि मेंदू हा विषय निघाला की सगळ्यांच्या घरात कुणीतरी असतंच, पॅरालिसिस झालेले आजोबा, फिट येणारी बहीण, अंगात येणारी काकू. प्रश्न इतके येतात की तास पुरत नाही. फक्त एक तयारी ठेवा, न्यूरोसायन्सवाले सर-मॅडम म्हणून नाव झालं की मिडब्रेन ॲक्टिव्हेशन आणि बोटांच्या ठशांवरून पोराचं करिअर सांगणारे डीएमआयटीवाले उद्घाटनाला बोलवायला येतात. ह्याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही. मी चहा पाजून परत पाठवतो.

आता डिझर्टेशनचा विषय अजून फायनल नसेल तर वर सांगितलेलं पाणी देण्याचं काम छोट्या आकारात घ्या, वीस-पंचवीस माणसं, दोन-दोन वेळा. रब्बीतच करावं लागेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नंतर विहिरीलाच पाणी नसतं. आधी घरातल्या चार-पाच जणांवर चालवून बघा, प्रत्येकाची फाइल वेगळी सेव्ह होतेय का, आकडे मिलिसेकंदात येताहेत का सेकंदात, कुणी आकडे यायच्या आधीच बटण दाबतोय का. सरांना विषय म्हणून न्यूरो हा शब्द जड वाटत असेल तर शीर्षकात झोप आणि अवधान लिहा, सही करतील. पहिल्या चार फाइली आल्या की इथंच टाका, नावं काढून. बघून सांगतो.